जीआयएस शिकायचंय? मग पद्धती ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने शिका (नागपूरच्या डेटावर)

जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं) शिकायला निघालेले पोट्टे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: पायथन आधी करू का अर्थ इंजिन? आणि आजकाल तिसरा, सरळ एआयलाच विचारू का? माझं म्हणणं, यातलं काहीच आधी नको. भौगोलिक डेटावरून उत्तर काढायच्या पद्धती गेल्या दोनशे वर्षांत ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने एकेक हाताखालून घाला. प्रत्येक पद्धत आधीची कुठेतरी अडली म्हणून आलेली आहे, आणि ते अडणं तुम्ही स्वतः एकदा अनुभवलं की पुढचं टूल कशासाठी आहे हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. कोर्समध्ये उलटं चालतं, आधी बटणं दाखवतात, मग सहा महिन्यांनी पोरगा सुंदर रंगीत नकाशा घेऊन येतो आणि त्यावरून काय कळलं विचारलं तर गप्प.

लॅपटॉप साधा चालेल, ८ जीबी रॅम पुरे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचं लाँग टर्म व्हर्जन टाका, एकदम नवीन नको.

आधी प्रश्न लिहा, तोही वहीत

आपण नागपूरचाच प्रश्न घेऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीच्या काठाने कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट, पुढे मोरभवनच्या बसस्टँडपर्यंत पाणी घुसलं. प्रश्न असा: पाणी घुसलेल्या जागा नदीपासून किती लांब आणि नदीच्या मानाने किती उंचावर होत्या, आणि तशाच जागा शहरात आणखी कुठे आहेत?

बस, एवढाच. "नागपूरचा पूर अभ्यास" हा प्रश्न नाही, तो विषय आहे, आणि विषय घेऊन बसलात तर डेटा डाउनलोड करण्यातच उन्हाळा जाईल.

पहिली पायरी: जागा नक्की कुठे आहे

सगळ्यात जुनं काम हेच. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. जमिनीवर एक पायारेषा साखळीने मोजायची आणि मग पुढे फक्त कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश चढत जायचा, असं ते काम. नागपूरकडे येताना १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला, त्याची कबरही तिथेच आहे, आणि काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेलं. आपल्याकडच्या किती जणांना हे माहीत आहे कोणास ठाऊक, पण जीआयएस शिकणाऱ्याने एकदा हिंगणघाटला जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. झिरो माईलच्या खांबापाशीसुद्धा त्याच सर्वेक्षणाचा बेंचमार्क दगड आहे.

हा इतिहास तुमच्या कामाचा का? कारण सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्टच्या मापाच्या पृथ्वीवर बसवलेल्या आहेत आणि तुमचा मोबाईल डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर चालतो. नागपूरची ५५ ओ/४ ही जुनी शीट स्कॅन करून डेटम (पृथ्वीचं धरलेलं माप) न बदलता मोबाईलच्या बिंदूंवर ठेवली, तर सगळं शंभर मीटरच्या वर सरकलेलं दिसतं. नदीपासूनचं अंतर मोजायला निघालेल्या माणसाला शंभर मीटर म्हणजे अख्खी गल्ली.

आता हाताने करून पाहा. एक्सेलमध्ये पाणी घुसलेल्या वीसेक जागा लिहा: नाव, अक्षांश, रेखांश. सीएसव्ही करून क्यूजीआयएसमध्ये डिलिमिटेड टेक्स्ट लेयर म्हणून आणा. तिथे एक्सच्या जागी रेखांश द्यायचा आणि वायच्या जागी अक्षांश. आपण बोलताना अक्षांश आधी बोलतो म्हणून नवीन माणूस हमखास उलटं भरतो. नागपूर २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व, हेच उलटं भरलं तर बिंदू आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडतात. नकाशा कोरा दिसला तर "झूम टू लेयर" करा, पांढऱ्याशुभ्र समुद्रात पोचलात की काय झालं ते लगेच कळेल.

लगेच दुसरं काम, लेयर रिप्रोजेक्ट करा (अंशांतून मीटरमध्ये आणा), ईपीएसजी ३२६४४ या कोडमध्ये, म्हणजे यूटीएम झोन ४४ उत्तर. अंशांमध्ये अंतर मोजता येत नाही, कारण आपल्याकडे रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा एक अंश ११० च्या वर. आणि झोन बघून घ्या बरं का, ७८ अंश रेखांशाला झोन बदलतो. नागपूर-वर्धा ४४ मध्ये, अमरावती-पुणे-मुंबई ४३ मध्ये. पुण्याच्या कोणाचा तरी व्हिडिओ बघून ३२६४३ टाकणारे खूप आहेत.

दुसरी पायरी: टिंबं टाका आणि नुसतं बघा

१८५४ चं लंडन, सोहो भागात कॉलरा. डॉ. जॉन स्नोने मृत्यू घराघरावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्यातला शिकण्यासारखा भाग सहसा सुटतो. स्नो नकाशा काढून थांबला नव्हता, जी टिंबं अपेक्षित असून नव्हती तिकडेही तो गेला. पंपाला लागून दारूची भट्टी होती, तिथले कामगार वाचले, कारण ते बिअर प्यायचे. जवळच्या वर्कहाऊसमध्ये पाचशेच्या वर माणसं, मृत्यू फक्त पाच, कारण त्यांची विहीर वेगळी. जवळ असून वाचलेले कोण, हा प्रश्न त्याने विचारला.

तुम्हीही तेच करा. बिंदूंच्या लेयरला हीटमॅप स्टाईल द्या (टिंबं दाट तिथे रंग गडद), त्रिज्या आधी २०० मीटर, मग ५००, मग १०००. तिन्ही वेळा चित्र वेगळं दिसेल. त्रिज्या तुम्ही ठरवलेली आहे, डेटाने नाही, म्हणून नकाशाखाली ती लिहायचीच. मग नदीच्या अगदी काठावर असून कोरड्या राहिलेल्या जागाही वेगळ्या रंगाने टाका. हे लोक विसरतात आणि मग फक्त ओल्या जागांवरून निष्कर्ष काढत बसतात.

स्नोने पुढच्या नकाशात आणखी एक गोष्ट केली: कोणत्या घराला कोणता पंप चालायला जवळ, त्याची सीमारेषा काढली, सरळ रेषेच्या अंतराने नाही तर रस्त्याच्या अंतराने. क्यूजीआयएसमध्ये व्होरोनॉय पॉलिगॉन्स (प्रत्येक बिंदूला जवळ पडणाऱ्या जागेचे तुकडे) एका क्लिकवर होतात पण ते सरळ रेषेचे. नागपुरात त्याने फसायला होतं. सीताबर्डीच्या बाजूने मेयो हॉस्पिटल सरळ रेषेत अगदी जवळ, पण मध्ये रेल्वेलाईन, जायचं तर रामझुल्यावरून नाहीतर लोहापुलाखालून. दवाखाना, शाळा, रेशन दुकान असं काही तपासत असाल तर रस्त्याने अंतर मोजणारं नेटवर्क ॲनालिसिस वापरा, तेही टूलबॉक्समध्येच आहे.

तिसरी पायरी: थरावर थर

ट्रेसिंग पेपरवर एकात माती, दुसऱ्यात उतार, तिसऱ्यात झाडं काढून एकावर एक ठेवायचे आणि उजेडासमोर धरायचे, ही पद्धत कॉम्प्युटरच्या आधीची. १९६० च्या दशकात कॅनडाला अख्ख्या देशाच्या जमिनीची नोंद अशी करायची होती, हाताने करायला माणसं आणि पैसा दोन्ही पुरेना, तेव्हा रॉजर टॉमलिन्सनने कॉम्प्युटरवर हे उभं केलं. जीआयएस म्हणून आपण जे ओळखतो त्याची सुरुवात तिथली.

क्विकओएसएम प्लगइन टाका, ते ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशातून डेटा आणतं, की वॉटरवे, व्हॅल्यू रिव्हर, एरिया नागपूर. नाग नदीची रेषा येईल, पिवळी नदीही येईल. ३२६४४ मध्ये रिप्रोजेक्ट करून १००, २५० आणि ५०० मीटरचे बफर, म्हणजे नदीभोवतीचे पट्टे, काढा. रिप्रोजेक्ट न करता १०० चा बफर दिला तर क्यूजीआयएस १०० अंशांचा बफर काढतो, म्हणजे अर्धी पृथ्वी झाकली जाते. मग "जॉइन ॲट्रिब्यूट्स बाय लोकेशन" वापरून कोणता बिंदू कोणत्या पट्ट्यात ते मोजा.

इथे तुम्ही अडाल, आणि अडायलाच पाहिजे. १०० मीटरच्या पट्ट्यात काही जागा कोरड्या आणि ३०० मीटरवरच्या काही ओल्या निघतील. अंतर एकट्याने उत्तर देत नाही, पाण्याला उंची कळते.

चौथी पायरी: उंची आणि उपग्रह (इथे वेळ द्या)

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली, तो एसआरटीएम डेटा. ३० मीटरचा एक पिक्सेल. त्यापेक्षा नवीन युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम (उंचीचा डेटा) आहे, तोही फुकट, शक्यतो तो घ्या. पण दोन्हीत जमिनीबरोबर इमारती आणि झाडंही मोजली गेलीत, हे डोक्यात पक्कं ठेवा.

डीईएम नागपूरपुरता कापा, ३२६४४ मध्ये ३० मीटरवर आणा, मग ग्रास सॉफ्टवेअरचं आर.वॉटरशेड हे पाणी कुठून कुठे वाहील ते काढणारं टूल चालवा. ग्रास १९८० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांच्या प्रयोगशाळेत सुरू झालं आणि आज क्यूजीआयएसच्या आत फुकट मिळतं. ते तुम्हाला थ्रेशोल्ड विचारेल, म्हणजे किती पिक्सेलचं पाणी एकत्र आलं की त्याला ओढा म्हणायचं. ५०० द्या. एक पिक्सेल ९०० चौरस मीटर, म्हणजे ०.४५ चौरस किलोमीटरचं पाणी गोळा झालं की ओढा सुरू. १०० देऊन बघा, प्रत्येक गल्लीत ओढा निघेल. ५००० देऊन बघा, मोठे प्रवाह सोडून फारसं काही उरणार नाही.

आता ही कॉम्प्युटरने काढलेली नदी आणि ओएसएमची खरी नाग नदी एकावर एक ठेवा आणि लाव्याच्या टेकड्यांपासून अंबाझरी, तिथून सीताबर्डीकडे सावकाश सरकत बघा. वरच्या भागात दोन्ही बऱ्यापैकी जुळतील. दाट वस्तीत मात्र कॉम्प्युटरची नदी भलतीकडून वळेल, कारण तिथे नदी दोन भिंतींमध्ये कोंडलेली, वरून पूल, बाजूला चार मजली इमारती, आणि हे सगळं एका ३० मीटरच्या चौकोनात मावलंय. माझ्या मते या सगळ्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा तास हाच. बरोबर कुठे आहे आणि का चुकलंय, दोन्ही तुमच्याच डोळ्यांसमोर असतं.

मग "सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज"ने प्रत्येक बिंदूची उंची काढा, जवळच्या नदीच्या पात्राची उंची काढा, वजा करा. या फरकाचा कॉलम आणि अंतराचा कॉलम शेजारी ठेवा, ओल्या आणि कोरड्या जागा वेगळ्या करून बघा. एक-दोन मीटरच्या फरकावर मात्र भांडू नका, या डीईएमची तेवढी ताकद नाही.

उपग्रहाच्या चित्रांचं थोडक्यात. अमेरिकेच्या लँडसॅटचा पहिला उपग्रह जुलै १९७२ चा, आपला आयआरएस-१ए मार्च १९८८ चा. पण सामान्य विद्यार्थ्यासाठी खरा बदल २००८ ला झाला, लँडसॅटचं अख्खं भांडार फुकट केलं तेव्हा. त्याआधी एकेक चित्र विकत घ्यावं लागायचं, म्हणून लोक दोन तारखांची तुलना करून थांबायचे, आज शेकडो तारखांची मालिका लावतात. २०१५ पासून सेंटिनेल-२ आलं, १० मीटरचं. त्याच्या आठव्या बँडमधून (बँड म्हणजे प्रकाशाचा एकेक पट्टा) चौथा वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा, हा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा आकडा. पाण्यासाठी तिसरा आणि आठवा बँड तसेच वापरा. तुलना करताना महिना एकच ठेवा. काटोल-नरखेडचा ऑक्टोबर आणि मे शेजारी ठेवून "हिरवळ घटली" लिहिणारे रिपोर्ट मी वाचलेत, अरे बाप्पा, विदर्भात मे महिन्यात दुसरं काय होणार! आणि ऐन पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-२ चं चित्र बहुतेक वेळा पांढरंच मिळतं, तेव्हा सेंटिनेल-१ घ्या, ते रडार आहे, ढगातून बघतं.

पाचवी पायरी: डोळ्याला दिसलं ते खरं आहे का

नकाशावर चार लाल ठिपके जवळ दिसले की आपल्याला "क्लस्टर" दिसतो. तो योगायोगही असू शकतो. मोरान यांनी १९५० मध्ये यासाठी, म्हणजे शेजारच्या जागा एकमेकींसारख्या किती ते मोजायला, आकडा दिला, वॉल्डो टॉब्लरने १९७० मध्ये त्यामागची गोष्ट एका वाक्यात मांडली की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो पण जवळच्यांचा दूरच्यांपेक्षा जास्त, आणि ल्यूक ॲन्सेलिनने १९९५ मध्ये हाच आकडा प्रत्येक जागेसाठी वेगळा काढायची रीत दिली. त्याच्या टीमचंच जिओडा सॉफ्टवेअर आहे, फुकट, आणि नवीन माणसासाठी याहून सोपं काही नाही. वॉर्डांची लेयर उघडा, शेजार ठरवायला क्वीन वेट्स बनवा (कडेला किंवा कोपऱ्याला टेकतो तो शेजारी), युनिव्हेरिएट लोकल मोरान चालवा, ९९९ पर्म्युटेशन ठेवा. म्हणजे कॉम्प्युटर तुमचे आकडे ९९९ वेळा नकाशावर विस्कटून टाकतो आणि खरं चित्र त्या विस्कटलेल्या चित्रांपेक्षा वेगळं आहे का ते सांगतो.

यात मोठा खड्डा आहे तो सीमांचा. महापालिकेचे दहा झोन आहेत, आणि २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग होते ३८. डेंग्यूच्या किंवा पाणी तुंबल्याच्या तक्रारी झोननुसार रंगवा आणि मग प्रभागांनुसार रंगवा, त्याच तक्रारी, पण नकाशे दोन वेगळ्या शहरांचे वाटतील. धरमपेठ झोन अख्खा लाल दिसेल आणि प्रभागांवर गेलं की लाल फक्त नाल्याकाठचा तुकडा. हे १९३४ पासून लोकांनी मोजून दाखवलंय आणि आजही कोणत्याही सॉफ्टवेअरने ते मिटत नाही. उपाय एकच, दोन्ही पातळ्यांवर करा आणि दोन्ही दाखवा. आणि हो, संख्या रंगवू नका, दर रंगवा, दर हजार लोकांमागे किंवा दर चौरस किलोमीटरमागे, नाहीतर मोठ्या वस्तीचा प्रभाग कायम लालच दिसणार.

क्रिगिंगबद्दल लोक फार विचारतात. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिगने १९५१ मध्ये सुरुवात केली, थोड्या नमुन्यांवरून मधल्या जागेचा अंदाज आणि त्या अंदाजाची खात्री किती, हे दोन्ही ते देतं. मातीच्या नमुन्यांसाठी उत्तम. पण शहरातल्या पाच-सात पर्जन्यमापकांवर क्रिगिंग करू नका, तेवढ्यात व्हेरिओग्राम (अंतराबरोबर फरक किती वाढतो त्याचा आलेख) बसतच नाही, साधं आयडीडब्ल्यू (जवळच्या मापकाला जास्त वजन देणारी सरासरी) करा आणि तसं सांगा.

सहावी पायरी: आता क्लाउड, आता पायथन

आता या. गूगल अर्थ इंजिन २०१० पासून आहे, अभ्यासासाठी रजिस्ट्रेशन करून फुकट, डाउनलोड न करता वीस वर्षांची चित्रं तिथेच चाळता येतात. पायथनमध्ये जिओपांडाज आणि रास्टेरिओ या दोन लायब्ररी, एवढ्यावर खूप काम होतं. डेटा मोठा झाला की पोस्टजीआयएस हा डेटाबेस. वरच्या पाच पायऱ्या झालेल्या असतील तर हे महिन्याभरात जमतं, कारण काय करायचं ते माहीत असतं, फक्त लिहायचं कसं ते शिकायचं असतं.

मशीन लर्निंगची एकच गोष्ट सांगतो. रँडम फॉरेस्टने जमिनीचं वर्गीकरण करून "९७ टक्के ॲक्युरसी" लिहिलेलं खूप दिसतं. बहुतेक वेळा ट्रेनिंगचे आणि टेस्टचे बिंदू एकाच शेतातले असतात, आणि टॉब्लर म्हणतो तसं जवळचं जवळच्यासारखंच निघतं, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. टेस्टचा भाग वेगळा तोडा, ट्रेनिंग काटोलला केलं तर टेस्ट उमरेडला. आकडा खाली येईल, पण तो खरा असेल. एआयकडून कोड लिहून घेत असाल तर प्रोजेक्शनची ओळ स्वतः वाचा, तिथे त्याची गडबड होते आणि एररही येत नाही.

आणि मग पायी जा

मोबाईलवर क्यूफील्ड टाका (क्यूजीआयएसचा नकाशा उघडणारं ॲप), टेप घ्या, आणि शंभर मीटरच्या पट्ट्यातल्या कोरड्या जागा आणि तीनशे मीटरवरच्या ओल्या जागा आधी गाठा. दुकानदाराला विचारा, "काका, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?" लोकांना अगदी बोटाने दाखवता येतं, शटरवरची रेघ, मीटरच्या पेटीखालची ओल, तिसरी पायरी. रस्त्यापासून त्या खुणेपर्यंत टेप लावा, सेंटिमीटरमध्ये लिहा, फोटो काढा, आणि पाणी पुढून आलं का मागच्या नालीतून हेही विचारा, कारण मागच्या नालीतून आलं असेल तर तुमचा नदीपासूनचा अंतराचा कॉलम त्या जागेसाठी निरुपयोगी आहे. उघड्यावर मोबाईलचं जीपीएस पाचेक मीटरच्या आत असतं, उंच इमारतींमध्ये बिघडतं, म्हणून बिंदू घेताना दहा सेकंद थांबा. मे २००० पर्यंत नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभर मीटरपर्यंत, आणि आपल्या देशात फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम सैल होईपर्यंत नकाशे करायला परवानग्यांचा मोठा व्याप होता. आज खिशात मोबाईल टाकून हे काम करता येतं.

पुढे अडलात तर नागपूरसारखं शहर नाही. राज्याचं रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांचं) केंद्र एमआरसॅक इथेच, इस्रोचं मध्य विभागाचं रिमोट सेन्सिंग केंद्र इथेच, अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाईन कोर्स फुकट असतात, सर्टिफिकेटही मिळतं. कुठेही जाताना मात्र तुमचा प्रश्न आणि अडलेला नकाशा घेऊन जा, "जीआयएस शिकायचंय" एवढंच म्हणून गेलात तर ब्रोशर हातात पडेल.

काम साठवताना सगळे लेयर एका जिओपॅकेज फाईलमध्ये ठेवा, शेपफाईलचे पाच-पाच तुकडे पेनड्राईव्हवर हरवतात. आणि प्रत्येक लेयरसोबत तीन ओळी लिहा: डेटा कुठून आणला, कोणत्या तारखेचा, प्रोजेक्शन कोणतं.